दिसते आहे, तरीही डोळे दाखवा

आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनवर चक्रीभुंगा पडतो. अळी आतून खोड पोखरते, वरून पीक हिरवेगार दिसते. झाड वाळल्यावर फवारून काय उपयोग? मधुमेही माणसाच्या डोळ्यांचे असेच आहे.

रक्तातली साखर वाढलेली राहिली की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. दुखत नाही, खुपत नाही, सुरुवातीला नजरही चांगली असते. मी दरवर्षी डोळे दाखवतो. दोन वर्षे काही निघाले नाही. तिसऱ्या वर्षी पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके निघाले. तेव्हा मला एस.टी.ची पाटी लांबून वाचता येत होती! डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला सांगितले आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले. पुढे गरज पडलीच तर लेसरने उपचार करतात. त्याने आहे ती नजर राखता येते; गेलेली बहुधा परत येत नाही.

तपासणीची भीती बाळगू नका. डोळ्यांत थेंब टाकतात, थोडे चुरचुरते. बाहुली मोठी झाली की डॉक्टर आतला पडदा पाहतात. नंतर काही तास जवळचे अंधुक दिसते, उन्हाने डोळे दिपतात. म्हणून सोबत कुणाला तरी न्या, मोटारसायकल स्वतः चालवू नका.

नुसता चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असे नव्हे. मधुमेह कळला की लगेच, आणि मग दरवर्षी एकदा दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या आईलाही न्या. ती आपणहून सांगणार नाही.