मला पाहणारा देव

सिल्वासात आम्ही प्रार्थनेला बसतो तेव्हा मांडीवर तीन भाषांतली पवित्र शास्त्रे असतात. स्तोत्र २३ उघडले की गुजराती आणि हिंदीवाले ‘यहोवा’ वाचतात, आमच्या मराठीत ‘परमेश्वर’ येते. मग कोणीतरी विचारतेच, खरे नाव कोणते?

मूळ इब्रीत चार व्यंजने आहेत. यहूदी लोक आदराने ते नाव उच्चारत नाहीत, तिथे ‘अदोनाय’ म्हणजे ‘प्रभू’ वाचतात. त्याच शब्दाचे स्वर त्या व्यंजनांना जोडून पुढे ‘यहोवा’ झाले. तेव्हा उच्चारावरून भांडण कशाला? ‘येशू’च्या इब्री रूपात तर ते नाव आखूड होऊन आलेच आहे: परमेश्वर तारतो.

आम्ही थांबतो ते उत्पत्ती १६ पाशी. हागार, मिसरी दासी, गरोदर, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. झऱ्यापाशी देवदूत तिला नावाने हाक मारतो. आणि ही दासी देवाला नाव देते, ‘एल-रोई’, मला पाहणारा देव.

अध्याय २२ मधल्या अब्राहामाच्या ‘यहोवा-यिरे’तही धातू तोच, पाहणे. स्टिकरवर मात्र ‘पुरवणारा’ एवढाच अर्थ उरतो. आपल्या आया ‘देव बघेल गं’ म्हणतात, त्यात दोन्ही येते.

इथल्या कारखान्यांत कामाला आलेल्या, भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या बहिणी आमच्यात आहेत. देवदूताने हागारेला त्याच मालकिणीकडे परत पाठवले, हे त्यांना जड जाते. आम्हालाही जाते. तरी प्रार्थना करताना त्या हागारेने दिलेलेच नाव घेतात.