काचेवरचे शेवाळ आणि कोपऱ्यातला सांधा

धर्मग्रामातील कुटुंबांच्या भेटीस जात असता अलीकडे पुष्कळ घरांत एक गोष्ट दृष्टीस पडते. बैठकीच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, तिच्याजवळ कुटुंबातील दिवंगतांची छायाचित्रे असतात आणि खिडकीशेजारी माशांची काचेची टाकी असते. मुले अभ्यास सोडून तिच्यापाशी रेंगाळतात, आणि त्यांना रागे भरावयास आलेली वडील माणसेही तेथेच पाहत उभी राहतात. सृष्टिकर्त्याने पाचव्या दिवशी जलचर निर्माण केले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. त्या दिवसाचा एक अंश आपल्या घरी असावा असे माणसास वाटले तर त्यात नवल ते काय?

परंतु टाकी आली की तिच्यामागोमाग शेवाळही येते. टाकी नवी असेल तर प्रथम काचेवर तपकिरी थर धरतो, पुढे हिरवी साय चढते आणि कालांतराने बारीक, कठीण असे हिरवे ठिपके चिकटून बसतात. याचे कारण गूढ नाही. खिडकीतून येणारे ऊन, रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा आणि माशांनी न खाल्लेले, तळाशी कुजणारे अन्न, एवढ्यावर शेवाळ पोसते. म्हणून टाकी उन्हापासून दूर ठेवावी, दिवा सहा ते आठ तासच लावावा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच अन्न घालावे आणि आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. हे न करता केवळ काच घासणारा मनुष्य नळ उघडा ठेवून जमीन पुसत असतो.

तरीही काच पुसावी लागतेच, आणि येथेच एक सावधगिरी सांगावयाची आहे. पूर्वीच्या टाक्यांना लोखंडी चौकट असे आणि काचा तीत लांबीने बसविलेल्या असत. 1960 नंतरच्या काळात चौकटीशिवाय, काचेला काच जोडलेल्या टाक्यांचा प्रसार झाला. या काचांना धरून ठेवतो तो कोपऱ्यांतला सिलिकॉन. रबरासारखा मऊ असा हा पदार्थ पाण्याने कुजत नाही. परंतु धारदार पात्यापुढे त्याचे काही चालत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ सुमारे 55 लिटर पाणी मावते. म्हणजे 55 किलो वजन झाले. पाण्याचा दाब तळाशी सर्वांत अधिक असतो, आणि काचांना बाहेर रेटणारा तो दाब रात्रंदिवस सोसावयाचा तो या सांध्यांनी.

तेव्हा काच पुसताना प्रथम विजेची उपकरणे बंद करावीत. मऊ स्पंज किंवा जाड सुती फडके घ्यावे. ते केवळ याच कामासाठी राखलेले, साबणाचा स्पर्श न झालेले असावे. चुंबकाची पुसणी वापरीत असाल तर ती तळाच्या वाळूपासून वर धरावी, कारण तीत अडकलेला एक कण काचेवर कायमचा ओरखडा काढतो. कठीण ठिपक्यांसाठी जुने प्लास्टिकचे कार्ड पुरते. त्यानेही न भागल्यास ब्लेड चालेल, पण ते निजते धरावे आणि कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर थांबवावे. टाकी काचेची नसून अॅक्रिलिकची असेल, तर ब्लेड मुळीच लावू नये. सांध्यावरचे शेवाळ मऊ टूथब्रशने, सांध्याच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने काढावे. रॉकेल किंवा काच चमकविण्याची औषधे टाकीत कदापि वापरू नयेत. एवढे करूनही सांध्यावर हिरवट छटा राहिली, तर ती राहू द्यावी. तिने टाकी गळत नाही आणि मासेही मरत नाहीत. मागच्या काचेवरचे शेवाळ तर मी मुद्दाम ठेवण्यास सांगतो, कारण ते पाण्यातील मळ शोषून घेते आणि कित्येक मासे व गोगलगायी त्यावर चरतात.

आमच्या धर्मग्रामात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या पत्नीने हौसेने घेतलेली टाकी तिच्या निधनानंतर ते सांभाळीत होते. सुटीत आलेल्या पुतण्याने काका बाहेर गेलेले पाहून ती लख्ख करून ठेवली. कोपऱ्यांतली हिरवी रेघ त्याच्या डोळ्यांत सलली, म्हणून तेथेही त्याने ब्लेड फिरविले, आणि पात्याचे टोक सांध्यात शिरले. काही दिवसांनी एका रात्री खालचा कोपरा सुटला. सकाळी जमिनीवर पाणी होते, टाकीत चार बोटेही उरले नव्हते आणि आठ माशांपैकी तीन जिवंत होते. काकांनी पुतण्याशी बोलणे टाकले व पुतण्याने घरी येणे सोडले. “फादर, तिची एवढीच आठवण चालतीबोलती होती,” असे काका मला म्हणाले. “मी तर चांगल्यासाठीच केले होते,” असे पुतण्याने सांगितले. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच तो प्रसंग अवघड होता.

मी त्यांना उपदेश केला नाही. टाकी दुरुस्त करावयाची तर ती दोघांनी मिळून करावी, एवढेच सुचविले. घट्ट झालेल्या जुन्या सिलिकॉनवर नवा सिलिकॉन नीट धरत नाही. जुन्या वस्त्राला नव्या कापडाचे ठिगळ लावू नये असे प्रभूने सांगितले, त्याचेच हे एक उदाहरण म्हणावे. सर्व कोपऱ्यांतला जुना थर खरवडून काढावा लागतो, काच कोरडी व निर्मळ करावी लागते, बुरशीनाशक नसलेला, मत्स्यटाकीला चालणारा सिलिकॉन भरावा लागतो आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पुरता जाईपर्यंत काही दिवस थांबावे लागते. ते थांबण्याचे दिवस त्या दोघांना लाभले. त्यांत त्यांचे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. व्हरांड्यात पाणी भरून टाकीची परीक्षा झाली, तेव्हा पुतण्या तेथे हजर होता.

शेतातील निदण उपटण्यास निघालेल्या चाकरांना धन्याने थांबविले, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाण्याचे भय होते. निदण चांगले आहे असे तो म्हणाला नाही. आपल्या घरांतही दोष असतात आणि ते काढलेच पाहिजेत. मुलाचा आळस, सुनेचा तुटकपणा, सासऱ्याचा हेका यांकडे डोळेझाक करा, असे मी कोणासही सांगणार नाही. परंतु जे बोल मोकळ्या काचेवर चालतात तेच सांध्यावर चालविले, तर दोषाबरोबर नातेही कापले जाते, आणि ते कापले गेल्याचे त्याच दिवशी कळत नाही. कोणास सुधारावयास निघण्यापूर्वी आपल्याला एकत्र धरून ठेवणारे नेमके काय आहे ते पाहावे. तेथे हात हलका ठेवावा, आणि थोडी हिरवी रेघ राहिलीच तर ती सोसावी.