पत आणि मौन

धाराशिव, कळंब, उमरगा येथील अडत बाजारात आजही कित्येक सौदे शब्दावर होतात. सोयाबीनचे कट्टे आज उतरतात, पैसा काही दिवसांनी येतो. तोवरचा सारा भार पेढीच्या पतीवर असतो. म्हणूनच नुकसान झाले तरी ते उंबऱ्याबाहेर जाऊ नये, अशी व्यापारी घराण्यांची जुनी शिकवण आहे. सायबर चोराचे फावते ते याच शिकवणीमुळे.

हा चोर कुलूप फोडत नाही, मन हेरतो. कधी पोलीस बनून ‘डिजिटल अटके’चे भय घालतो, वास्तविक अशी अटक कायद्यातच नाही. कधी लग्नपत्रिकेच्या नावाने मोबाईलमध्ये घातक ॲप उतरवितो, तर कधी ओळखीच्या पेढीच्या नावे खाते क्रमांक बदलल्याचा निरोप धाडतो. घाबरलेला माणूस घाईने, स्वहस्ते रक्कम पाठवितो आणि नंतर लाजेने गप्प राहतो.

पत आणि मौन यांचा असा संबंध खरोखरच आहे काय? पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झाली. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्यावर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, काही रक्कम हाँगकाँगला वळविली गेली. एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. बँकेने पोलिसांत फिर्याद दिली, घडले ते जाहीरपणे सांगितले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले. बँकेचा कारभार आजही चालू आहे.

चोरलेली रक्कम काही मिनिटांतच एका खात्यातून दुसऱ्यात फिरते. १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार केल्यास ती वाटेतच गोठविता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे असते.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. खाते बदलल्याचा निरोप आला, तर जुन्या क्रमांकावर बोलूनच रक्कम धाडावी. आणि आजोबांकडून वा नातवाकडून चूक झालीच, तर रागावणे मागाहून. आधी १९३० ला फोन.