माळकऱ्याशी संसार

माझा देवावर विश्वास नाही आणि माझे ज्याच्यावर प्रेम आहे तो माळकरी आहे. या दोन्ही गोष्टी आजही तशाच आहेत. बदलले ते माझे एक मत. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाने श्रद्धेतून बाहेर पडलेच पाहिजे, नाहीतर तो अर्धाच मोकळा झाला, असे मी मानत होतो. आता मानत नाही. हे मत कशाने बदलले ते मला नीट सांगायचे आहे, कारण ते वादविवादात हरल्यामुळे बदललेले नाही.

मी सातारचा. आमच्या घरात देव्हारा नव्हता. वडील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातले. त्यामुळे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे आमच्याकडे नुसते छापील नाव नव्हते. त्यांची भाषणे, शिबिरे, 'साधना'चे अंक यांत मी वाढलो. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, त्या दिवशी वडील कुणाशीही बोलले नाहीत. पुढे डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्याच डिसेंबरच्या ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू केले. ज्या कायद्यासाठी आम्ही इतकी वर्षे घसा कोरडा केला तो आला, आणि मी स्वतः पुन्हा गुन्हेगार ठरलो. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवण्यासाठी जे लोक वर गेले होते, त्यांत एक ज्योतिषी होता आणि निरनिराळ्या धर्मांच्या संघटना होत्या. माझ्या मनात तेव्हा हिशेब पक्का झाला: आपला शत्रू एकच आहे, आणि तो देवळात बसतो.

अशा माणसाला हा भेटला. मिरज तालुक्यातल्या गावाचा, सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे हिशेब लिहिणारा. हळदीचे सौदे सुरू झाले की त्या दुकानांत सगळ्या वस्तूंवर पिवळी धूळ बसते. तो संध्याकाळी हातपाय घासून धुवायचा, पण गळ्यातल्या तुळशीच्या मण्यांच्या भोकांत हळद तशीच राहायची. मला त्या माळेची चीड होती. तो झोपला की मी तिच्याकडे बघत पडायचो. हा माझा आहे तर हे दुसऱ्या कुणाच्या मालकीचे चिन्ह त्याच्या गळ्यात कशाला, असे वाटायचे. 'काढ ती,' असे मी त्याला स्पष्ट सांगितले होते. तो म्हणाला, 'तू म्हणालास तर मटण सोडलं असतं, पण ते माळेनं आधीच सोडवलंय. माळ काही मी काढणार नाही.' आषाढी जवळ आली की तो रजा टाकून गावच्या दिंडीबरोबर सांगोल्याच्या वाटेने पंढरपूरला निघायचा. मी साताऱ्यात धुसफुसत राहायचो.

आमची भांडणे होत ती याच विषयावर, आणि माझ्याकडे दारूगोळा भरपूर होता. मी त्याला र. धों. कर्व्यांचे सांगायचो. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली, त्यांत समलैंगिकतेचाही विषय होता, आणि त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. ज्या आंबेडकरांचे नाव १९०० साली आमच्या सातारच्या सरकारी शाळेत घातले होते, ते! खटला हरले, पण बोलले कोण? एक नास्तिक आणि एक धर्म नाकारायला निघालेला माणूस. तुझ्या संतमंडळींत आमच्यासाठी कोण बोलले, ते सांग.

त्याचे उत्तर ठरलेले असे. 'चोखोबा.' चोखोबाला देवळात घेतले नाही, त्याची समाधी अजून महाद्वाराबाहेर आहे. तरीही विठोबा आपला नाही असे चोखोबाने कधी म्हटले नाही. 'बडव्यांनी बाहेर ठेवलं म्हणून देव त्यांच्या नावावर लिहून देऊ का?' असे तो विचारायचा. मला हा भाबडेपणा वाटायचा. मग एकदा त्याने साने गुरुजींचे काढले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर खुले झाले. त्याच गुरुजींनी १९४८ साली 'साधना' सुरू केले. पुढे १९९८ पासून अखेरपर्यंत त्याच साप्ताहिकाचे संपादक दाभोलकर होते. हे सगळे तपशील मला लहानपणापासून पाठ होते. ते सलग एका ओळीत ठेवून मी कधी बघितले नव्हते. ज्या अंकावर मी वाढलो तो काढला होता एका आस्तिकाने, आणि तो उपाशी बसला होता ते देऊळ बंद पाडण्यासाठी नव्हे, उघडण्यासाठी.

तरीही मत बदलले ते यामुळे नाही. इतिहासातले दाखले दोन्हीकडे सापडतात.

त्याच्या घरी आमचे कळले, तेव्हा त्याच्या आईने कवठेमहांकाळकडच्या कुठल्याशा देवऋष्याकडून अंगारा आणला. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी, बरोबर दोन लिंबे आणि एक काळा दोरा. मी नेमका तिथे होतो. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतली कलमे माझ्या तोंडावर होती. पोलिसांत जायची माझी तयारी होती. आई म्हणत होती, 'एवढं पाण्यातनं घे बाबा, म्हंजे सुटशील.' त्याने पुडी हातात घेतली, सोडली, बघितली आणि परत बांधून आईच्या ओटीत ठेवली. म्हणाला, 'आई, पांडुरंगाला मी असा चालतो. तुझ्या देवऋष्याला का चालत न्हाई? कोण मोठा हाय त्या दोघांत?' आई काही बोलली नाही. पुढे कितीतरी महिने तिने आमच्याशी धड बोलणे ठेवले नव्हते, पण दोरा परत कधी आला नाही. माझ्या कलमांनी ती बाई घाबरली असती. त्याच्या प्रश्नाने ती विचारात पडली.

आणि त्या रात्री मला माझे घर आठवले. भगताच्या दारात पाऊल न टाकणारे माझे वडील, विज्ञानावर निष्ठा असलेला माणूस, मी विशीत असताना मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. शांत, सुसंस्कृत दवाखाना. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, मुलींची चित्रे बघायला सांगितली आणि सहा महिन्यांत सुधारणा होईल असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. असले 'उपचार' हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितले ते २०२२ साली. त्या गोळ्या मी गुपचूप, आज्ञाधारकपणे खाल्ल्या. मला त्या परत करता आल्या नाहीत, कारण त्या विज्ञानाच्या नावाने आल्या होत्या आणि विज्ञानाच्या वर अपील करायला माझ्याजवळ दुसरे काही नव्हते. त्याच्याजवळ होते. देव आहे की नाही हा प्रश्न तिथे गौणच आहे. तो ज्या जोरावर ताठ उभा राहिला तो जोर त्याचा स्वतःचा होता, आणि मी तोच त्याच्याकडून काढून घ्यायला निघालो होतो.

याचा अर्थ मी वारीला निघालो असा नाही. श्रद्धेच्या नावाखाली चालणाऱ्या शोषणाविषयी माझे मत तसूभरही हललेले नाही. जत, सौंदत्तीकडे पोरांना यल्लमाला सोडण्याची रीत होती. बायकी वळणाच्या मुलाला जोगत्या करून हातात परडी दिली की त्याला गावात जागा मिळे असे म्हणतात. मिळे, पण ती जोगवा मागण्याची जागा, आणि ती त्याने निवडलेली नसे. इथे तो आणि मी एकाच बाजूला आहोत. दाभोलकर जन्मभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. मी हे वाक्य सभांतून लोकांना समजावून सांगितले आहे. घरात ते पाळायला मला त्याच्यासारखा माणूस लागला.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्या लग्नाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. आम्ही मग घरच्या घरी हार घालायचे ठरवले. मला सत्यशोधक पद्धत हवी होती; फुल्यांचे मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यातले, तो अभिमान वेगळाच. तो हसला आणि म्हणाला, फुल्यांनी भट नाकारला, निर्मिक ठेवला. बरोबर होते. प्रतिज्ञा आम्ही स्वतः लिहिल्या. माझ्या प्रतिज्ञेत निर्मिक नाही, त्याच्या प्रतिज्ञेत विठ्ठल आहे. हार तुळशीचे होते. त्याची आई आली नाही, बहीण आली. माझे वडील आले. आता तो साताऱ्याला आला की वडील त्याला शेजारी बसवून घेतात आणि तुकोबांवरून दोघांचे तासन्‌तास चालते. मी मध्ये बोललो तर दोघेही मला गप्प करतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये समलैंगिक जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते आणि जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमता येते, असे स्पष्ट केले. तसे खाते आम्ही सांगलीत उघडले. कायद्याने आमचे नाते आजच्या घडीला एवढेच आहे.

चळवळीतल्या माझ्या मित्रांना एक विनंती आहे. शिबिराला एखादा असा मुलगा आला, तर त्याच्या देवाची उलटतपासणी आधी घेऊ नका. घरी मारझोड होते का, कुणी औषध किंवा अंगारा देतेय का, रात्री जायला जागा आहे का, हे विचारा. गळ्यात माळ असेल तर ती त्याच्या गळ्यात राहू द्या.