नेग्रोसची गूळपोळी : पियाया

मनिलाहून विमानाने तासा-सव्वातासात नेग्रोस बेटावरचे बाकोलोद शहर येते. शहर मागे पडले की दोन्ही हातांना ऊसच ऊस. फिलिपीन्सची निम्म्याहून अधिक साखर या एका बेटावर तयार होते. बाकोलोदला गेलेला माणूस परतताना पियायाचे पुडके घेतल्याशिवाय निघत नाही. गावाहून आणायच्या अशा खाऊला तिकडे ‘पासालुबोंग’ म्हणतात, आणि तो विसरणाऱ्याचे घरी फारसे स्वागत होत नाही!

पियाया म्हणजे तळहाताएवढी, वरून तीळ लावलेली आणि आत काळसर साखर भरलेली पोळी. मराठी गृहिणीला ती पाहताच संक्रांत आठवेल. नाव मात्र चिनी वळणाचे. फिलिपीन्समध्ये स्थायिक झालेल्या चिनी लोकांच्या हॉक्किएन बोलीत ‘पिया’ म्हणजे पिठाचे भाजलेले पक्वान्न.

तिची खरी चव मस्कोवाडोची. ही काकवी न काढलेली, ओलसर, तपकिरी साखर. वासाला थेट गुऱ्हाळाची आठवण देणारी. शेजारचे इलोइलो बंदर १८५५ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले आणि नेग्रोसवर उसाचे मळे झपाट्याने पसरले. मळेवाल्यांनी सिलाय गावात टोलेजंग वाडे बांधले. ते आजही पाहायला मिळतात. ऊसतोड कामगारांच्या वाट्याला मात्र ‘तिएम्पो मुएर्तो’ आला. शब्दशः अर्थ, मेलेला काळ. गाळप संपल्यापासून पुढच्या हंगामापर्यंतच्या या महिन्यांत हाताला काम नसते. १९८० नंतरच्या दशकात जगात साखरेचे भाव कोसळले, मळे ओस पडले आणि १९८५ च्या सुमारास या गोड बेटावर मुले उपासमारीने दगावली. पियायाच्या रंगीत खोक्यावर हे कुठे छापलेले नसते.

घरी करायला पियाया अवघड नाही. दोन वाट्या मैद्यात चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी तूप चोळावे. तिकडे पूर्वी डुकराची चरबी वापरत. तुपाने चव बदलते, पण खुसखुशीतपणा येतो. गार पाण्याने मऊसर मळून गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. सारणासाठी एक वाटी मस्कोवाडो, नाहीतर काळसर गुळाची पूड, त्यात दोन चमचे मैदा आणि चमचाभर पाणी. हा मैदा वगळू नये. साखर तव्यावर वितळते तेव्हा तोच पाक धरून ठेवतो. गूळपोळीत भाजलेले बेसन हेच काम करते.

लिंबाएवढ्या गोळीची पारी करून सारण भरावे आणि तोंड नीट मिटावे. तीळ दाबून हलक्या हाताने लाटावे. लाटण्याचा जोर कडेला नको, पारी फुटते. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू बदामी होऊ द्याव्यात. घाई केली तर बाहेरून करपते आणि आत मैदा कच्चा राहतो.

हल्ली बाकोलोदच्या दुकानांत जांभळ्या ‘उबे’ कंदाची आणि आंब्याची पियायाही मिळते. पातळ, कुरकुरीत ‘पियायितोस’ मुलांना फार आवडतात. पण जुन्या खवय्यांना मस्कोवाडोचीच हवी, आणि तीही ताजी. फक्त तव्यावरून उतरवल्यावर पाच मिनिटे थांबावे. आतला पाक जीभ भाजतो.