अज्ञात स्रोत

‘ओपन सोर्स’ म्हणजे ‘फुकट’, अशी आपल्या होस्टेलवर सर्वमान्य व्याख्या आहे. पण ओपन सोर्स सिस्टिमच्या टीव्हीत बाहेरचं एखादं ॲप टाकून बघा मित्रांनो, मग शब्दाचा खरा अर्थ कळतो. कोड ओपन असतो, टीव्ही असेलच असं नाही.

माझे काका झरीला असतात, परभणी तालुक्यात. दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी नव्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून ताईच्या लग्नाची फिल्म सुरू केली. चित्र छान, आवाज गायब! भटजींचे ओठ हलताहेत आणि मंगलाष्टकं मुकी. कारण साधं होतं. काही ऑडिओ फॉरमॅटचं लायसन्स विकत घ्यावं लागतं, ते या टीव्हीत नव्हतं. व्हीएलसी टाकलं की प्रश्न मिटतो. पण टीव्ही अँड्रॉइडचा असूनही त्यात गूगलचं प्ले स्टोअर नव्हतं, आणि कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये व्हीएलसी नव्हतं.

मग व्हीएलसीच्या मूळ साइटवरून एपीके फाईल फोनवर उतरवली, पेनड्राइव्हवर घेतली आणि टीव्हीच्या सेटिंग्ज उघडल्या. तिथे लिहिलेलं, ‘अज्ञात स्रोत’. कॉन्व्हेंटमुळे मला ‘अननोन सोर्सेस’ लगेच कळतं, हे मात्र दोनदा वाचावं लागलं. काकांना एकदाच पुरलं.

“स्रोत म्हणजे झराच ना गं? मग कुठला झरा ते ठाव नसताना पाणी प्यायचं कसं?”

“काका, हा झरा मला ठाऊक आहे, टीव्हीला ठाऊक नाही.”

“बरं, कर मग.”

(करणाऱ्यांसाठी: प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी बऱ्याच टीव्हींत अँड्रॉइड ३२ बिटचंच असतं. तेव्हा ‘व्ही७ए’वाली फाईल घ्या. आणि फोनसाठी बनवलेलं ॲप टीव्हीच्या होम स्क्रीनवर बहुधा दिसतच नाही, ॲप्सच्या यादीत जाऊन उघडावं लागतं. रिमोटने नाही जमलं तर यूएसबी माऊस लावा.)

मंगलाष्टकं ऐकू आली, काकूंनी डोळे पुसले. असो.

पण काकांची शंका खुळी नव्हती. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल इशारा दिला. स्वस्त टीव्ही बॉक्समध्ये विक्रीआधीच घुसखोर सॉफ्टवेअर भरलेलं असतं, किंवा सुरुवातीला जी ॲप्स टाकावी लागतात त्यांच्यातून ते येतं. म्हणजे गढूळ पाणी कधी कधी ज्ञात स्रोतातूनही येतं! उलट व्हीएलसीचा उगम बघा. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल कॉलेजात आपल्यासारख्याच पोरांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ दाखवायचा प्रोजेक्ट घेतला. २००१ मध्ये तो जीपीएल लायसन्सखाली खुला झाला. त्यात काय आहे ते कुणीही उघडून वाचू शकतं.

टीव्हीचं तसं नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असतं, त्याचं लायसन्स जीपीएल २. ते सांगतं, कोड द्या. टिवो नावाच्या अमेरिकन टीव्ही रेकॉर्डरने कोड दिलाही, पण मशीनला असं कुलूप घातलं की आपण बदललेला कोड त्यावर चालेचना. त्यावर उपाय म्हणून २००७ च्या जीपीएल ३ मध्ये खास कलम घातलं गेलं. लिनक्स मात्र २ वरच थांबलं, आणि कुलूपही राहिलं.

आपल्याकडे हे भांडण भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेलं. दोन वकिलांच्या तक्रारीवरून आयोगाने २०२१ मध्ये गूगलच्या अँड्रॉइड टीव्हीच्या करारांची चौकशी लावली. एप्रिल २०२५ मध्ये तडजोड झाली. गूगलने २०.२४ कोटी रुपये भरायचे. भारतातल्या टीव्ही कंपन्यांना प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलची सगळी ॲप्स सोबत घ्यायची सक्ती नाही, आणि ओपन सोर्स अँड्रॉइडवर स्वतःचा टीव्ही काढायलाही त्या मोकळ्या.

कंपन्या मोकळ्या झाल्या, हे चांगलंच झालं. पण मेन्यूत ‘अज्ञात स्रोत’ ही ओळ ठेवायची की काढून टाकायची, हे अजून त्याच ठरवतात, टीव्हीचे पैसे मोजणारे काका नाही.