तळ्याची पाळ

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शहापूर हे गाव आहे. रस्त्यावरून रात्रंदिवस मोटारी धावत असतात. परंतु रस्ता सोडून थोडे आत गेले, की धानाच्या बांध्या लागतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला शेताचा तुकडा. या मुलखात शेतात उभे असते ते धान आणि ताटात येतो तो भात. एकाच पिकाला दोन नावे, आणि दोन्ही नावांच्या मध्ये साऱ्या पावसाळ्याची काळजी!

आषाढातील एखाद्या सकाळी येथील म्हातारा शेतकरी धुऱ्यावर उभा राहून आभाळाकडे पाहत असतो. शेताच्या कोपऱ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपे, वीतभर वाढलेले असतात. मृगाच्या सरी पडल्या म्हणून त्याने बी टाकले. पुढे आर्द्रा कोरडी गेली आणि पुनर्वसु नक्षत्रही निम्मे सरले. रोपे तीन-चार आठवड्यांची झाली, की त्यांची रोवणी व्हावी लागते. त्याहून जून झालेली रोपे रोवली, तर त्यांना फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. पण रोवणीसाठी बांधीत चिखल हवा, आणि चिखलासाठी पाणी हवे.

“आबाजी, पाणी येईल ना?” बाजूला उभा असलेला नातू विचारतो.

“येईल, बाबू. येईल तर खरे. पण कसे येईल, ते सांगता येत नाही.”

म्हाताऱ्याचे हे उत्तर साधे वाटते. परंतु आजच्या हवामानशास्त्राने मोठ्या खटपटीने जे शोधून काढले, त्याचे मर्म त्यात आहे. पाऊस किती पडला, एवढ्यानेच शेतकऱ्याचे भागत नाही. तो कसा पडला, यावर त्याचे सारे अवलंबून असते. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरीने 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरकडील शेतकऱ्याला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण हाच पाऊस चार महिने संथपणे पडला तर कोठारे भरतात, आणि तोच मोजक्या दिवसांत कोसळून मध्ये तीन-तीन आठवडे दडी मारून बसला, तर धान आधी वाळते आणि मग वाहून जाते. वर्षाच्या शेवटी सरकारी पुस्तकात मात्र दोन्ही वर्षांची सरासरी सारखीच दिसते! सरासरी हा शब्द पुस्तकात फार सोयीचा असतो, शेतात तो काही उगवत नाही.

पुण्यास भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी 1950 ते 2015 या काळातील पावसाच्या नोंदी तपासून 2017 साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात, एका दिवसात 150 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस मोठ्या प्रदेशावर कोसळण्याचे प्रसंग या पासष्ट वर्षांत तिपटीने वाढले, असे त्यांना आढळले. या पट्ट्यात एकंदर पाऊस मात्र वाढलेला नव्हता. उलट पावसाळ्याचे वारे दुबळे होत चालले होते. म्हणजे आभाळ देते तेच, पण हिशेब न ठेवता, एकदम ओंजळ रिती करते.

असे का व्हावे? ओले धोतर हिवाळ्याच्या सकाळी दांडीवर घातले, तर दुपारपर्यंत ओलसरच राहते. वैशाखात तेच घटकाभरात सुकते. तापलेली हवा अधिक वाफ पोटात घेते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, तर ती पूर्वीपेक्षा सुमारे 7 टक्के अधिक वाफ सामावू शकते, असे गणित आहे. अरबी समुद्र तापला, त्यावरील हवेत वाफ अधिक चढली, आणि जेव्हा ती वाफ मोकळी होते, तेव्हा सर येत नाही, लोंढाच येतो. समुद्र आणि हवा तापण्याचे कारण माणसाने जाळलेला कोळसा आणि तेल हे होय. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर 1958 साली हवेतील कार्बन डायऑक्साइड नेमाने मोजण्यास प्रारंभ झाला, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे 315 भाग होता. आज तो 420 भागांहून अधिक आहे. शहापूरच्या शेतकऱ्याने तो पर्वत पाहिलेला नाही, आणि त्याच्या चुलीचा धूर या हिशेबात नगण्य आहे. तरीही त्याचा पऱ्हा वाळतो. हा न्याय नव्हे. पण निसर्गाच्या दरबारात तक्रार ऐकून घेणारा कोणी बसलेला नसतो.

आता आभाळ सोडून जमिनीकडे वळू. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून पूर्वीपासून ओळखला जातो. 1999 साली त्याचे दोन भाग होऊन गोंदिया जिल्हा निराळा झाला. तलावही असेच वाटले गेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. हा मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. तरीही भाचरांना जसा मामाचा आधार, तसा गावाला तलावाचा आधार, हे मात्र खरे.

हे तलाव बहुतांशी गोंड राजांच्या आणि त्यानंतरच्या काळात बांधले गेले. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना आपल्याबरोबर आणले, अशी परंपरा सांगितली जाते. जो तलाव बांधील त्याला तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, असेही सांगतात. दुर्बिणी नाहीत, नकाशे नाहीत. पावसाचे पाणी कोठून येते, कोठे थबकते आणि कोठे पळते, हे ते लोक पावसात भिजत पाहत. मग उताराच्या आड मातीची लांब पाळ घालीत. पाळीच्या खालच्या अंगाला बांध्या एकीखाली एक अशा उतरत जात. तलावातील पाणी उघडझाप करून सोडण्याचे जे तोंड, त्याला तुडुम असे खणखणीत नाव आहे. वरचा तलाव भरला, की त्याचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तेथून त्याच्याही खालच्या बोडीत. बोडी म्हणजे लहानसे तळे. एका पावसाचे पाणी असे जिना उतरावे तसे पायरीपायरीने उतरे आणि प्रत्येक पायरीवर थोडे थांबे.

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पटेल कोहळी याने बांधला, असे सांगितले जाते. डोंगरांच्या कुशीतील ते पाणी पाहिले, की हे मातीच्या पाट्या वाहून झाले, यावर विश्वास बसत नाही.

पाऊस धसमुसळा असला, तरी तलाव शांत असतो. तीन दिवसांत जे कोसळते, ते तो तीन महिने पुरवून देतो. मृग बरसला आणि आर्द्रा रुसली, तरी तुडुम उघडून पऱ्हे जगवता येतात. भाद्रपदात धान पोटरीत असताना पाऊस गेला, तर एक पाणी देता येते, आणि त्या एका पाण्यावर वर्षाचे धान्य ठरते. शिवाय तलावाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना चैत्र-वैशाखातही झरा राहतो. घागर घेऊन जाणाऱ्या बाईला तलाव दिसला नाही, तरी तिच्या घागरीत येते ते पुष्कळदा तलावाचेच पाणी असते. आभाळाच्या लहरीपणावर हा तोडगा लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी काढून ठेवला होता. आज जगाला ज्याची निकड भासते, तो येथे गावोगाव हाताशी आहे.

पण हाताशी असून तो कितपत चालू आहे? येथे कथा थोडी कडू होते. त्या काळी भंडारा मध्यप्रदेशात होता. 1950 साली मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा झाला आणि 1951 पासून तो अमलात आला. कसणाऱ्याच्या डोक्यावरचा मधला धनी गेला, हे योग्यच झाले. मालगुजार सगळेच काही तलावाइतके उदार नव्हते. मात्र त्यांच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले. पुढे महाराष्ट्रात लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. पूर्वी उन्हाळ्यात गाव जमे, गाळ काढी, पाळीवर माती टाकी. आता पाळ कोणाची? सरकारची. मग फावडे कोणी उचलायचे? गाव सरकारकडे बघे, सरकार हजारो तलावांकडे बघे, आणि त्या बघाबघीत गाळ मात्र आपले काम बिनचूक करीत राहिला. दरसाल थोडाथोडा साचून त्याने तलाव उथळ केले. काठावर बेशरम नावाची परकी झुडपे माजली. कोठे कोणी तलावाच्या पोटातच नांगर धरला. दीडपुरुष पाणी राहत असे, तेथे गुडघाभर राहू लागले.

तलाव उथळ झाला त्याच काळात पाऊस आडदांड झाला. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या, हे या मुलखाचे दुर्दैव.

तलाव दुरुस्त झाले म्हणजे सारे संकट टळेल, असेही मात्र नाही. धान पाण्याचे पीक खरे, पण ते उष्णतेला हळवे आहे. फुलोऱ्याच्या वेळी ऊन पस्तीस अंशांवर गेले, तर पराग वांझ होतात आणि लोंबीत दाणा न भरता नुसता कोंडा राहतो. उन्हाळी धान लावणाऱ्याला हे भय अधिक. रात्रीचा उकाडाही बाधतो. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरील बऱ्याच वर्षांच्या नोंदी 2004 साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत उन्हाळी हंगामात रात्रीचे तापमान एका अंशाने चढले, की उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दिवसा रोप अन्न कमावते आणि रात्री श्वासोच्छ्वासात थोडे खर्च करते. रात्र उबदार झाली, की हा खर्च वाढतो. यावर तलावाचा इलाज चालत नाही. तेथे नवे वाण हवेत आणि पेरणीच्या वेळा बदलायला हव्यात.

पुराचीही गोष्ट आहे. 2020 सालच्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशात अतिशय पाऊस झाला आणि वैनगंगेला महापूर आला. गोसीखुर्द धरणाचे तेहेतीसही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या वस्तीत आणि नदीकाठच्या कित्येक गावांत पाणी शिरले, उभे धान चिखलाखाली गेले. अशा पुरापुढे गावतलाव काय करणार? उलट त्याच्या स्वतःच्याच पाळीला धोका असतो. जुन्या लोकांनी सांडव्याची उंची ठरवली, ती त्यांनी पाहिलेल्या पावसावरून. तो सांडवा म्हणजे जुन्या पावसाळ्यांची दगडमातीत ठेवलेली आठवण आहे. नवा पाऊस त्या आठवणीत बसत नाही. म्हणून सांडवे पुन्हा तपासणे, रुंद करणे आणि पाळी उंच व घट्ट करणे हे गाळ काढण्याइतकेच निकडीचे काम आहे. पण त्याची चर्चा कमी होते.

गाळाचे काम निदान सुरू झाले आहे. 2017 साली महाराष्ट्र सरकारने गाळ काढून तो शेतात टाकण्याची योजना हाती घेतली. हा गाळ सुपीक असतो. तलाव मोकळा होतो आणि शेत सुधारते. परंतु यंत्र घातले आणि तळ खरवडला, की झाले, असे नव्हे. तलावाच्या पोटात पाणवनस्पती असतात, कमळे असतात, देवधान असते. त्यांच्या आश्रयाने मरळीसारखे मासे वाढतात आणि त्या माशांवर ढीवरांचे घर चालते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढीवर स्त्री-पुरुषांच्या मदतीने काही तलावांतील बेशरम उपटून टाकली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ज्यांना अक्षरे कमी येत होती, त्यांना माशांची आणि वनस्पतींची नावे मात्र तोंडपाठ होती. कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, हे त्यांनी सांगितले, म्हणून काम जमले.

शेतकऱ्याजवळही त्याची अशीच विद्या आहे. उंचावरच्या बांधीत तो लवकर निघणारे हलके धान लावतो आणि तलावालगतच्या ओलीत उशिरा पिकणारे भारी धान. पावसाने एकाला दगा दिला, तर दुसरे हाती लागते. काही जण रोवणीची वाट न पाहता थेट बी फेकून आवत्या करतात. त्यात उत्पन्न थोडे कमी येते, पण पऱ्हे जून होण्याची टांगती तलवार राहत नाही.

पुनर्वसु सरता सरता एखाद्या रात्री मग पाऊस येतोच. तो रिमझिमत येत नाही. कौलांवर खडे फेकल्यासारखा येतो. घरात सारे सुटकेचा श्वास टाकतात, पण म्हातारा डोक्यावर घोंगडी घेऊन दाराकडे निघतो.

“आबाजी, पाणी आले की! आता कुठे चालले?”

“पाळीवर,” म्हातारा म्हणतो. “उंदरा-खेकड्यांनी पोखरलेले असते. एवढे बोटभर भोक असले, तरी सकाळपर्यंत खिंडार होते. टॉर्च घे आणि चल माझ्यासंगे.”

दोघे चिखलातून पाळीवर चढतात. तलावाचे पाणी काळोखात दिसत नाही, नुसते ऐकू येते. म्हातारा वाकून पाळीच्या बाहेरच्या अंगाला हात लावतो, चार पावले सरकतो, पुन्हा हात लावतो. एका ठिकाणी माती ओली आणि गार लागते. तो तेथेच बसतो. नातू टॉर्चचा उजेड धरतो आणि फावडे आणायला कोणाला हाक मारावी, म्हणून गावाच्या दिशेने पाहू लागतो.